एर्न्स्ट रॉयटर : नगरकारभारातून घडलेला मुत्सद्दी

जर्मनीच्या अर्वाचीन इतिहासातील राजे, सेनापती आणि चॅन्सेलर यांची चरित्रे विपुल लिहिली गेली; परंतु त्या देशाच्या सार्वजनिक जीवनाला ज्यांनी दीर्घकाळ आधार दिला, त्या नगरप्रमुखांच्या वर्गाकडे परदेशी वाचकाचे लक्ष क्वचितच जाते. नेपोलियनने प्रशियाचा पाडाव केल्यानंतर, जवळजवळ अर्धा मुलूख गमावून बसलेल्या त्या राज्याचा मंत्री श्टाइन याने १९ नोव्हेंबर १८०८ रोजी कोनिग्सबेर्ग येथून शहरांसाठी जी सनद जारी करविली, तिने नगरवासीयांना आपला कारभार आपणच चालविण्याचा हक्क दिला. निवडून आलेली नगरसभा आणि तिने नेमलेले कार्यकारी मंडळ, अशी ही द्विविध रचना होती आणि त्या मंडळाच्या शिरोभागी महापौर असे. मुंबईत १८८८ च्या कायद्याने कार्यकारी अखत्यार आयुक्ताच्या हाती सोपविला, म्हणून महापौर म्हणजे सभेचे संचालन आणि शहराचे आतिथ्य करणारा मानकरी, असे चित्र आपल्या मनात असते. जर्मन महापौर मात्र खऱ्या अर्थाने कारभारी होता. प्रशियातील नगरसभा त्याला बहुधा बारा वर्षांच्या दीर्घ मुदतीसाठी निवडीत आणि तो त्याच शहराचा रहिवासी असलाच पाहिजे, असा दंडक नव्हता. एका शहरात नाव मिळविलेल्या माणसाला दुसरे शहर बोलावून घेई. कलोनचा आडेनाउअर, एसेनचा लुथर, लाइपझिगचा ग्योर्डेलर ही सारी या परंपरेतली माणसे. या परंपरेच्या अखेरच्या पिढीतील ज्या पुरुषाच्या कारकिर्दीत नगरकारभार आणि जागतिक राजकारण यांची सर्वांत विलक्षण गाठ पडली, त्या एर्न्स्ट रॉयटरचा वृत्तांत येथे द्यावयाचा आहे.

रॉयटरचा जन्म २९ जुलै १८८९ रोजी आपेनराडे या गावी झाला. हे गाव तेव्हा प्रशियाच्या श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतात होते. पहिल्या महायुद्धानंतर लोकमत घेऊन ते डेन्मार्कला जोडले गेले. वडील जहाजावरचे कप्तान आणि पुढे नौकानयनशाळेचे शिक्षक. घरात राजनिष्ठा, धर्मनिष्ठा आणि शिस्त यांचे वातावरण. कुटुंब पूर्व फ्रीसलंडमधील लेअर या बंदराच्या गावी स्थायिक झाले. मारबुर्ग, म्युनिक आणि म्युन्स्टर येथील विद्यापीठांत शिक्षण घेऊन मुलाने शिक्षकी पेशा पत्करावा, अशी घरची अपेक्षा असता १९१२ मध्ये तो समाजवादी लोकशाही पक्षाचा सभासद झाला आणि घर व त्याच्यात अंतर पडले. महायुद्धाला विरोध करणारा हा तरुण १९१५ मध्ये सक्तीने सैन्यात ओढला गेला, १९१६ साली पूर्व आघाडीवर जबर जखमी झाला आणि रशियनांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडला. कैदेत त्याने रशियन भाषा आत्मसात केली, तुला परगण्यातील कोळशाच्या खाणीत काम केले आणि क्रांती झाल्यावर तो उघडपणे बोल्शेविकांच्या बाजूला गेला. १९१८ मध्ये व्होल्गेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या वसाहतींचा कारभार पाहण्यासाठी सोव्हिएत सरकारने त्याची सारातोव्ह येथे कमिसार म्हणून नेमणूक केली. राष्ट्रिकांच्या प्रश्नांचे खाते त्या वेळी स्टॅलिनकडे होते. तीस वर्षांनी ज्या सत्ताधीशाच्या नाकेबंदीला रॉयटरला तोंड द्यावे लागले, त्याच्याच खात्याखाली त्याने सार्वजनिक कारभाराचे पहिले धडे घेतले, ही गोष्ट त्याच्या पुढील आयुष्याचा अर्थ लावताना विसरता येत नाही. सोव्हिएत राज्यपद्धती त्याने पुस्तकांतून जाणली नव्हती. तिच्या दप्तरात बसून त्याने ती पाहिली होती.

जर्मनीत परतल्यावर 'फ्रीसलंड' हे टोपणनाव घेऊन तो कम्युनिस्ट पक्षात चढत गेला आणि १९२१ मध्ये त्या पक्षाचा प्रधान चिटणीस झाला. लेनिनने त्याला बुद्धिमान परंतु जरा फारच स्वतंत्र वृत्तीचा म्हटले होते आणि ते निदान लवकरच खरे ठरले. मार्च १९२१ च्या फसलेल्या कम्युनिस्ट उठावाचा तो आरंभी कडवा समर्थक होता, हे त्याच्या चाहत्यांनीही लपवू नये. परंतु त्या उठावामागील मॉस्कोच्या हस्तकांची कृत्ये जसजशी उजेडात येऊ लागली, तसतसा त्याने चौकशीचा आणि पक्षाच्या स्वातंत्र्याचा आग्रह धरला. जानेवारी १९२२ मध्ये पक्षाने त्याला काढून टाकले. त्याच वर्षी तो समाजवादी लोकशाही पक्षात परतला आणि काही काळ त्या पक्षाच्या वृत्तपत्रांत लेखन करू लागला. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी एका विचारसरणीचा त्याग करून आलेला माणूस पुष्कळदा कडवट होतो किंवा निष्क्रिय होतो. रॉयटर मात्र शहराच्या वाहतुकीच्या प्रश्नाकडे वळला आणि माझ्या मते त्याच्या थोरवीचा आरंभ येथूनच धरला पाहिजे.

१ ऑक्टोबर १९२० रोजी जुन्या बर्लिनभोवतीची ७ शहरे, ५९ खेडी आणि २७ जहागिरी त्यात सामील करून बृहत्‌बर्लिन निर्माण करण्यात आले होते. ८७८ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि अडतीस लाखांच्या आसपास वस्ती असलेले हे महानगर कागदावर एक झाले, तरी त्याचे अवयव एकमेकांना जोडलेले नव्हते. ट्राम एका व्यवस्थेखाली, भुयारी व उन्नत रेल्वे दुसऱ्या कंपनीकडे, बसगाड्या तिसऱ्या कंपनीकडे. वेडिंगमध्ये राहणाऱ्या आणि नॉयक्योल्नमध्ये कामाला जाणाऱ्या मजुराने ट्राममधून उतरून भुयारी गाडी धरली की त्याला नव्याने तिकीट काढावे लागे. हे वरकरणी क्षुल्लक वाटते; परंतु मजुरीचा किती भाग गाडीभाड्यात जातो यावर कोण कोठे राहणार हे ठरते, आणि कोण कोठे राहणार यावरच शहरातील घरबांधणी, दाटी व रोगराई अवलंबून असते. १९२६ मध्ये वाहतूक खात्याचा सभासद म्हणून कार्यकारी मंडळात आलेल्या रॉयटरने हा संबंध नेमका हेरला. या कंपन्यांवर शहराची मालकी प्रस्थापित करण्याचे काम गाजावाजा न करता पुढे नेण्यात आले आणि १९२७ मध्ये २० फेनिगांचा एकच दर, वाहन बदलण्याच्या मुभेसह, लागू झाला. १ जानेवारी १९२९ पासून ट्राम, बस आणि भुयारी रेल्वे या तिन्हींचा मिळून एकच नागरी उपक्रम सुरू झाला. 'बे-फाउ-गे' या आद्याक्षरांनी बर्लिनकर त्याला आजही ओळखतात. उपनगरी रेल्वे तेवढी राज्याच्या रेल्वेखात्याकडेच राहिली. भुयारी मार्गांचे जाळेही याच काळात झपाट्याने वाढले. आलेक्झांडरप्लाट्झ या चौकाखालील, अनेक मार्ग एकत्र आणणारे स्थानक ही त्या धोरणाची सर्वांत ठळक खूण होय.

या कामगिरीमुळे १९३१ मध्ये मागडेबुर्ग शहराने त्याला महापौर म्हणून बोलावून घेतले. एल्बेकाठचे हे यंत्रोद्योगाचे शहर. वस्ती तीन लाखांच्या घरात. जागतिक मंदीने कारखाने ओस पडलेले, पालिकेची तिजोरी रिकामी आणि बेकारांना मदत देण्याचा बोजा दर महिन्याला वाढत चाललेला. अशा वेळी बहुतेक कारभारी खर्चाला कात्री लावून स्वस्थ बसतात. रॉयटरने काटकसर केलीच, पण त्याबरोबर शहराच्या कडेच्या जमिनी बेकारांना देऊन, त्यांनी स्वतःच्या श्रमाने घरे उभारावीत आणि भोवतालच्या तुकड्यावर भाजीपाला पिकवावा, ही योजना हाती घेतली. हिवाळ्यात गरजूंना अन्न व सरपण पुरविण्यासाठी नागरिकांची मदत संघटित केली.

मागडेबुर्गच्या पाण्याची कथा तर विशेष सांगण्यासारखी आहे. हे शहर एल्बेचे पाणी पीत होते आणि नदीच्या वरच्या अंगाच्या पोटॅश खाणींतून सोडलेल्या क्षारांमुळे ते पाणी खारट आणि बेचव झालेले होते. उत्तरेकडील कोल्बिट्झच्या माळरानाखाली वाळूच्या थरांतून गाळून आलेल्या शुद्ध पाण्याचा मोठा साठा होता. तेथून शहरापर्यंत पाणी आणणारे नवे जलकेंद्र १९३२ मध्ये, म्हणजे मंदीचा कहर चालू असताना, सुरू झाले. पैसा नसताना पाण्यासाठी कर्ज काढणे यात राजकीय धोका होता. पण दूषित पाण्याची किंमत शहर रोगराईच्या रूपाने नेहमीच भरत असते आणि ती जमाखर्चाच्या वहीत दिसत नाही एवढेच. मागडेबुर्ग आजही कोल्बिट्झचे पाणी पिते.

जुलै १९३२ मध्ये तो राइखस्टागवर निवडून आला. पण लोकशाहीचा अंत जवळ आला होता. ११ मार्च १९३३ रोजी नाझी टोळीवाले मागडेबुर्गच्या नगरभवनात घुसले आणि त्यांनी महापौराला त्याच्या कचेरीतून बाहेर काढले. दोनच दिवसांनी कलोनमध्ये आडेनाउअर बडतर्फ झाला. जर्मन नगरस्वायत्ततेची सव्वाशे वर्षांची परंपरा अशी एका आठवड्यात पायदळी तुडविली गेली. रॉयटरला टोरगाउजवळच्या लिख्टेनबुर्ग येथील छळछावणीत डांबण्यात आले. जुना किल्लेवजा राजवाडा, मग तुरुंग आणि आता छावणी, असे ते ठिकाण होते. जानेवारी १९३४ मध्ये सुटका झाली, पुढे काही महिन्यांत पुन्हा अटक आणि पुन्हा तीच छावणी. पत्नी हाना हिची धडपड आणि इंग्लंडमधील क्वेकर पंथीयांची खटपट यांमुळे तो दुसऱ्यांदा सुटला आणि १९३५ च्या आरंभी देश सोडून इंग्लंडमार्गे तुर्कस्तानात गेला.

परागंदा जर्मन विद्वानांना आतातुर्कच्या प्रजासत्ताकाने या वेळी मोठा आश्रय दिला होता. रॉयटर प्रथम सरकारच्या अर्थखात्यात दरपत्रकांसंबंधी सल्लागार झाला आणि १९३८ पासून अंकारा येथील राज्यशास्त्राच्या प्रशालेत नगरशास्त्र शिकवू लागला. अंकारा १९२३ मध्ये राजधानी झालेली. हेर्मान यान्सेन या बर्लिनच्याच नगररचनाकाराच्या आराखड्याप्रमाणे तिची उभारणी चालू होती. नगरपालिकांचा कायदा होऊनही फार वर्षे झाली नव्हती आणि तो राबविणारी माणसे तयार व्हावयाची होती. रॉयटरने तुर्की भाषा इतकी आत्मसात केली की तो तीतच व्याख्याने देऊ लागला आणि १९४० मध्ये नगरकारभारावर त्याने तुर्कीत ग्रंथही लिहिला. पाणीपुरवठा, जमिनीच्या किमती, पालिकेचे उत्पन्न, घरबांधणी या विषयांवरचे त्याचे विद्यार्थी पुढे तुर्कस्तानच्या प्रशासनात व विद्यापीठांत अधिकारपदावर पोहोचले. वनवासाची अकरा-बारा वर्षे त्याने गतवैभवाच्या आठवणीत घालविली नाहीत. यजमान देशाच्या भाषेत, त्या देशाच्या उपयोगी पडेल असे काम त्याने उभे केले, आणि त्याच्या चरित्रातील हा भाग मला सर्वांत आदरणीय वाटतो.

युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांची परवानगी मिळण्यास दीड वर्ष लागले. नोव्हेंबर १९४६ मध्ये तो बर्लिनला पोहोचला. शहर चार विजेत्या सत्तांच्या विभागांत वाटलेले, मध्यभागी विटा-मातीचे ढीग, पूल तुटलेले. त्याच्याकडे पुन्हा वाहतुकीचेच खाते आले. २४ जून १९४७ रोजी नगरसभेने १०८ पैकी ८९ मतांनी त्याला महापौर निवडले. परंतु चार सत्तांच्या संयुक्त मंडळात सोव्हिएत प्रतिनिधीने संमती नाकारली. माजी कमिसार आणि पक्षातून काढलेला प्रधान चिटणीस त्या पदावर बसणे मॉस्कोला सर्वथा असह्य होते. वर, तुर्कस्तानात असताना नाझी वकिलातीशी त्याचे संधान होते, असा निराधार आरोपही करण्यात आला. परिणामी दीड वर्ष बर्लिनला निवडलेला परंतु अधिकारसूत्रे नसलेला महापौर होता आणि त्याच्या वतीने लुईझे श्रोडर या वृद्ध, प्रकृतीने खचलेल्या परंतु अविचल बाईंनी शहराचा गाडा हाकला. बर्लिनच्या इतिहासात त्यांना रॉयटरच्या बरोबरीचे स्थान मिळावयास हवे.

रॉयटरच्या निवडीला बरोबर एक वर्ष झाले, त्या दिवशी म्हणजे २४ जून १९४८ रोजी, सोव्हिएत सत्तेने पश्चिम बर्लिनकडे येणारे रस्ते, लोहमार्ग आणि जलमार्ग बंद केले. निमित्त चलनाचे होते. ज्याच्या हाती चलन त्याच्या हाती सत्ता, हे रॉयटर पूर्वीपासून बजावीत होता आणि पश्चिम जर्मनीत सुरू झालेला नवा मार्क पश्चिम बर्लिनलाही लागू झाला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. अमेरिकेचे लष्करी प्रशासक जनरल क्ले यांनी त्याला बोलावून विचारले की, विमानांनी जमेल तेवढी रसद आणण्याचा प्रयत्न केला, तर बर्लिनची जनता हालअपेष्टा सोसून टिकेल काय? वीस लाखांहून अधिक माणसांच्या शहराला विमानांनी पोसता येईल, यावर रॉयटरचा स्वतःचाही विश्वास नव्हता. परंतु बर्लिनकरांची हमी आपण देतो, असे त्याने निःसंदिग्ध उत्तर दिले. तरुण विली ब्रांट त्या भेटीला त्याच्याबरोबर होता.

पुढील अकरा महिन्यांचे वर्णन बहुधा विमानांच्या अंगाने केले जाते आणि सप्टेंबर १९४९ मध्ये ही विमानवाहतूक थांबेपर्यंतचे आकडे खरोखरच थक्क करणारे आहेत : सुमारे पावणेतीन लाख उड्डाणे, २३ लाख टनांच्या आसपास माल, त्यातला दोनतृतीयांश केवळ कोळसा. पण धावपट्टीवर उतरलेला माल लाखो घरांपर्यंत न्यावयाचा कोणी? काय आणावयाचे आणि काय नाही, याचा निर्णय शहराच्या गरजेचा हिशेब मांडल्यावाचून होत नसे. बटाट्यात पाणी फार म्हणून सुकविलेले बटाटे, दुधाऐवजी दुधाची भुकटी. घरोघरी वीज दिवसातून दोनदा, दोन-दोन तास, आणि तीही पाळीपाळीने. कोणाची पाळी मध्यरात्री आली, तर गृहिणीने रात्री उठून स्वयंपाक करावा. हिवाळ्यासाठी कुटुंबाला मिळालेला कोळसा एवढा थोडा की तो एका हातगाडीत सहज मावावा. सरपणासाठी उद्याने व वने तोडण्याची पाळी आली. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी पश्चिम भागातील रहिवाशांना पूर्व भागात नाव नोंदवून शिधा घेण्याची मुभा जाहीर केली. ती फारच थोड्यांनी स्वीकारली. माझ्या दृष्टीने त्या सबंध वर्षातील सर्वांत बोलका पुरावा हाच होय. रिकाम्या चुलीसमोर बसून लाखो सामान्य माणसांनी दिलेले ते मत होते.

९ सप्टेंबर १९४८ रोजी राइखस्टागच्या भग्न इमारतीसमोर सुमारे तीन लाखांच्या जनसमुदायापुढे रॉयटरने केलेले भाषण सर्वविश्रुत आहे. या नगरीकडे पाहा आणि तिला टाकून देऊ नका, असे आवाहन त्याने जगातील राष्ट्रांना केले. त्याच्या तीनच दिवस आधी पूर्व विभागातील सभागृहात जमावाने धुडगूस घातल्यामुळे नगरसभेला पश्चिमेकडे स्थलांतर करावे लागले होते, हा संदर्भ ध्यानात घेतला म्हणजे त्या भाषणाची निकड कळते. ५ डिसेंबर रोजी पश्चिम विभागांत निवडणूक झाली, तीत त्याच्या पक्षाला ६४.५ टक्के मते पडली आणि एकदाचा तो महापौर झाला. एवढे बहुमत हाती असूनही त्याने इतर लोकशाही पक्षांना कारभारात सामील करून घेतले. वेढलेल्या शहरात पक्षभेदाची चैन परवडत नाही, ही त्याची धारणा होती आणि ती त्याच्याच पक्षातील फ्रान्झ नॉयमानसारख्या पुढाऱ्यांना मुळीच मान्य नव्हती. त्याच सुमारास पूर्व भागातील विद्यापीठातून हद्दपार झालेल्या विद्यार्थ्यांसाठी मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, त्यातही त्याचा पुढाकार होता.

त्याची एक कामगिरी मात्र पुरेशी उल्लेखिली जात नाही. जुलै १९४८ मध्ये ऱ्हाइनकाठी नीडरवाल्ड येथे पश्चिमेकडील प्रांतांचे मुख्यमंत्री जमले होते. पश्चिम भागाचे स्वतंत्र राज्य स्थापले तर फाळणीचे पाप आपल्या माथी येईल आणि बर्लिन तुटून पडेल, या भीतीने ते कचरत होते. त्या वेळी बर्लिनचाच हा प्रतिनिधी उठला आणि फाळणी आपण करीत नसून ती झालेलीच आहे, पश्चिमेत स्थिर व मुक्त राज्य उभे राहील तरच पूर्वेकडील बांधवांना आशा राहील, असे त्याने प्रतिपादन केले. त्यानंतर मुख्यमंत्र्यांचे मन वळले. एका शहराच्या, तेही अधिकारावर बसू न दिलेल्या, प्रतिनिधीने नव्या राज्याच्या स्थापनेचे पारडे झुकवावे, याला दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

१२ मे १९४९ रोजी नाकेबंदी उठली. संकट मात्र संपले नाही. कारखान्यांना गिऱ्हाईक नव्हते आणि १९५० च्या आरंभी पश्चिम बर्लिनमध्ये तीन लाखांच्या आसपास माणसे बेकार होती. पश्चिम जर्मनीत पत्र टाकणाऱ्याला नेहमीच्या तिकिटाशेजारी दोन फेनिगांचे एक चिमुकले निळे तिकीट लावावे लागे. ते उत्पन्न बर्लिनच्या साहाय्यासाठी असे. परंतु शहर असे दानावर चालू नये, ते संघराज्याच्या अर्थव्यवस्थेचा हक्काचा घटक व्हावे, यासाठी रॉयटरने बॉन येथील संघराज्य सरकारकडे अखंड तगादा लावला. तेथे चॅन्सेलरपदी बसलेला आडेनाउअर त्याच्यासारखाच माजी महापौर. तरीही दोघांचे सूर कधी जुळले नाहीत. दोस्त राष्ट्रांनी बर्लिनला संघराज्याचा पूर्ण घटक होऊ दिले नाही, तरी १९५२ च्या आरंभी झालेल्या कायद्याने त्याची अर्थव्यवस्था पश्चिम जर्मनीशी पक्की जोडली गेली. शहराच्या नव्या घटनेनुसार डिसेंबर १९५० मध्ये झालेल्या निवडणुकीत त्याच्या पक्षाचे बहुमत गेले आणि नव्या सभागृहात तो व ख्रिश्चन लोकशाही पक्षाचा श्रायबर यांना समसमान मते पडली; श्रायबरने माघार घेतली आणि शासनप्रमुख म्हणून रॉयटर पुन्हा आला. डोक्यावर बास्क टोपी, हातात काठी, अशी त्याची आकृती ढिगाऱ्यांतून वाट काढताना बर्लिनकरांच्या चांगल्या परिचयाची झाली होती.

१७ जून १९५३ रोजी पूर्व बर्लिनचे कामगार उठले, तेव्हा तो व्हिएन्नात होता आणि त्याला वेळेवर परतता आले नाही. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, हृदयविकाराने त्याचे निधन झाले. शार्लोटेनबुर्गमधील 'क्नी' नावाच्या चौकाला लगेचच त्याचे नाव देण्यात आले. सोव्हिएत सैन्याने यंत्रे काढून नेलेले आणि नाकेबंदीच्या काळात सुटे भाग विमानांनी आणून पुन्हा उभारलेले पश्चिमेकडील वीजकेंद्रही त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. आणि ते स्मारक मला चौकापेक्षा अधिक समर्पक वाटते. त्याच्यानंतर बर्लिनने अनेक कर्तबगार महापौर पाहिले, त्यांपैकी ब्रांट तर चॅन्सेलर झाला. तरी ट्रामच्या तिकिटापासून राज्याच्या स्थापनेपर्यंत प्रत्येक प्रश्नाला सारख्याच गांभीर्याने हात घालणारा एर्न्स्ट रॉयटर हाच विसाव्या शतकातील जर्मन नगरप्रमुखांत अग्रगण्य होय, असे माझे स्पष्ट मत आहे.